बुद्धिबळाच्या इंजिनासाठी प्रोसेसर कसा पारखावा

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर संगणक घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार तीन आकडे हमखास ऐकवतो: प्रोसेसर किती गिगाहर्ट्झचा आहे, त्यात कोअर किती आहेत आणि ग्राफिक्स कार्ड किती जीबीचे आहे. व्हिडिओ गेमसाठी किंवा चित्रफितींच्या संपादनासाठी हे तिन्ही आकडे कामाचे असतात. स्टॉकफिशसारखे बुद्धिबळाचे इंजिन, म्हणजे उत्तम चाल शोधणारा प्रोग्रॅम, चालवायचे असेल, तर मात्र तिसरा आकडा निरुपयोगी ठरतो, पहिला अर्धवट माहिती देतो आणि दुसराही वाटतो तितका सरळ नसतो. एकाच किमतीच्या दोन यंत्रांवर तेच इंजिन दुप्पट वेगाचा फरक दाखवू शकते, आणि कित्येकदा तो फरक यंत्राचा नसून इंजिनाची चुकीची फाईल डाउनलोड केल्याचा असतो. त्यामुळे नवे यंत्र घेण्यापूर्वी घरात असलेले यंत्र नीट मोजावे, आणि घ्यायचेच ठरले तर दुकानात उभे राहून मोजूनच घ्यावे, असा या मार्गदर्शनामागचा आग्रह आहे. मोजायला पैसे लागत नाहीत. एक पेन ड्राइव्ह आणि अर्धा तास पुरतो.

काय मोजायचे

इंजिनाचा वेग 'सेकंदाला किती नोड्स' या एककात सांगतात. नोड म्हणजे शोध घेताना इंजिनाने चाल करून गाठलेली एक पटस्थिती. या आकड्याची तुलना फक्त एकाच इंजिनाच्या एकाच आवृत्तीत करता येते. १९९७ साली कास्पारोव्हला हरवणारा आयबीएमचा संगणक डीप ब्लू ४८० खास बुद्धिबळ-चिपांच्या बळावर सेकंदाला सुमारे २० कोटी पटस्थिती तपासत असे. आजचा साधा लॅपटॉप त्याच्या एका छोट्या अंशाइतकेच नोड्स तपासतो आणि तरीही कितीतरी अधिक चांगला खेळतो. २०१७ मध्ये डीपमाइंडच्या अल्फाझीरो या प्रोग्रॅमने स्टॉकफिशला हरवले तेव्हा तो सेकंदाला सुमारे ८० हजार पटस्थिती पाहत होता, तर स्टॉकफिश सुमारे ७ कोटी. इतकेच काय, खुद्द स्टॉकफिशमध्ये २०२० सालच्या १२व्या आवृत्तीत चेताजाल (न्यूरल नेटवर्क) आले तेव्हा नोड्सचा आकडा खाली आला आणि ताकद मात्र मोठी झेप घेऊन वर गेली. म्हणून कोणी 'माझ्याकडे सेकंदाला अमुक लाख येतात' असे सांगितले, तर आधी आवृत्ती विचारावी.

मोजण्याची रीत सोपी आहे. स्टॉकफिशची फाईल बुद्धिबळाच्या कोणत्याही प्रोग्रॅममध्ये न जोडता थेट उघडली की एक काळी खिडकी येते. तिच्यात 'बेंच' हा शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करून एंटर दाबावे. इंजिन आपल्याजवळच्या ठरावीक पटस्थिती १३ डेप्थपर्यंत (डेप्थ म्हणजे किती चाली खोल पाहायचे ते), एकाच थ्रेडवर (थ्रेड म्हणजे एकाच वेळी चालणारा कामाचा एक धागा) आणि १६ एमबी हॅश (तपासलेल्या पटस्थितींची नोंद ठेवायची मेमरी) घेऊन सोडवते आणि शेवटी तीन आकडे छापते: लागलेला वेळ, तपासलेले एकूण नोड्स आणि सेकंदाला नोड्स. यातला मधला आकडा लोक दुर्लक्षित करतात, पण तो फार मोलाचा आहे. एकाच आवृत्तीची फाईल जुन्या सेलेरॉनवर चालवा किंवा नव्या रायझनवर, एका थ्रेडवर एकूण नोड्स अगदी एककापर्यंत तेच यायला हवेत, कारण प्रोसेसर बदलल्याने इंजिनाचा विचार बदलत नाही, फक्त तो लवकर किंवा उशिरा पूर्ण होतो. स्टॉकफिशचे विकासक स्वतःही प्रत्येक बदलाची ओळख म्हणून हाच आकडा नोंदवतात. दोन यंत्रांवर हा आकडा वेगळा आला, तर आवृत्ती तरी वेगळी आहे किंवा फाईल तरी बिघडलेली आहे. अशा वेळी वेगाची तुलना करण्यात अर्थ नाही.

नेहमीची बेंच काही सेकंदांतच संपते. तेवढ्यात प्रोसेसर धड तापतही नाही, त्यामुळे तिचा आकडा नेहमी गोड दिसतो. खरी चाचणी घ्यायची तर बेंच या शब्दापुढे अनुक्रमे हॅशचे एमबी, थ्रेडची संख्या आणि डेप्थ असे तीन आकडे द्यावेत, उदाहरणार्थ १०२४, ८ आणि २२. स्टॉकफिशच्या १७.१ या आवृत्तीपासून 'स्पीडटेस्ट' ही स्वतंत्र आज्ञाही मिळते. ती यंत्राचे सर्व थ्रेड वापरून अधिक वेळ चालते आणि प्रत्यक्ष डावासारखा भार टाकते. एकाहून अधिक थ्रेड वापरले की एकूण नोड्स दर वेळी थोडे बदलतात. सगळे थ्रेड एकाच हॅशमध्ये लिहीत-वाचत असतात आणि कोण आधी पोहोचेल याचा क्रम दर वेळी वेगळा पडतो, म्हणून असे होते. तो बिघाड नव्हे.

लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला असावा आणि विंडोजमधील पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स'वर असावा. ब्राउझर, क्लाउडवर फाईली चढवणारे प्रोग्रॅम आणि अँटिव्हायरसचे स्कॅन बंद असावेत. चाचणी चार-पाच वेळा घेऊन मधला आकडा धरावा. दोन-तीन टक्क्यांच्या फरकावरून कोणताही निष्कर्ष काढू नये, कारण तेवढा फरक त्याच यंत्रावर सकाळ-संध्याकाळ दिसतो.

बॉक्सवर सारखेच आकडे असलेले दोन प्रोसेसर वेगळे का पळतात

पटावर ६४ घरे असतात आणि आजचा प्रोसेसर एका वेळी ६४ बिटांची संख्या हाताळतो. या योगायोगाचा फायदा इंजिने पुरेपूर उठवतात. पांढऱ्याची सर्व प्यादी एका संख्येत, काळ्याचे दोन्ही घोडे दुसऱ्या संख्येत, अशा बारा-पंधरा संख्यांत सगळी पटस्थिती मावते. ज्या घरावर मोहरे आहे तिथे १, रिकाम्या घरावर ०. सगळी पांढरी प्यादी एक घर पुढे सरकवायची, तर त्या संख्येचे बिट आठ जागा सरकवले की झाले. जुन्या ३२-बिट विंडोजवर हीच प्रत्येक संख्या दोन तुकड्यांत हाताळावी लागते आणि वेग बराच घटतो. घरात असे एखादे यंत्र अजून तग धरून असेल, तर त्यात ६४-बिट प्रणाली बसते का, हे सर्वांत आधी पाहावे.

पुढची पायरी म्हणजे प्रोसेसरमधल्या खास आज्ञा. एखाद्या संख्येत १ किती आहेत हे मोजणारी पॉपकाउंट ही आज्ञा इंटेलच्या प्रोसेसरांत २००८च्या नेहालेम पिढीपासून आहे. हत्ती, उंट आणि वजीर मधल्या मोहऱ्यांनी अडत कुठवर पोहोचतात, हे काढण्यासाठी पेक्स्ट नावाची आणखी एक आज्ञा उपयोगी पडते. ती बीएमआय२ या संचात असून इंटेलकडे २०१३च्या हॅसवेल पिढीपासून मिळते. स्टॉकफिशची एकच आवृत्ती अशा वेगवेगळ्या आज्ञासंचांसाठी बांधलेल्या निरनिराळ्या फाईलींत मिळते आणि फाईलीच्या नावात त्या संचाचे नाव असते.

एएमडीच्या बाबतीत इथे एक खाचखळगा आहे आणि अनेक जण त्यात पडतात. झेन आणि झेन २ या पिढ्यांच्या रायझन प्रोसेसरांत पेक्स्ट ही आज्ञा आहे खरी, पण ती थेट सर्किटात न बसवता आतल्या मायक्रोकोडच्या साहाय्याने पार पाडली जाते आणि त्यामुळे फारच संथ चालते. २०२० अखेर आलेल्या झेन ३ पिढीत हा दोष दूर झाला. म्हणजे रायझन १०००, २००० आणि ३००० या मालिकांच्या यंत्रांवर स्टॉकफिशची बीएमआय२ फाईल चालते, कुरकुरही करत नाही, मात्र पेक्स्ट न वापरणाऱ्या एव्हीएक्स२ फाईलपेक्षा मागे पडते. नावावरूनही फसगत होते: रायझन ५ ५५००यू आणि रायझन ७ ५७००यू हे लॅपटॉपचे प्रोसेसर ५००० मालिकेचे दिसतात, पण आतून झेन २ आहेत; ७००० मालिकेतला रायझन ५ ७५२०यू हाही तसाच. बॉक्सवरचा मोठा आकडा पाहून पिढी ठरवू नये.

चेताजालाचे गणित

पूर्वी पटस्थितीचे मूल्यमापन माणसांनी लिहिलेल्या नियमांनी होत असे. २०१८ मध्ये जपानच्या यू नासू यांनी शोगी या खेळासाठी एनएनयूई ही चेताजालाची रचना मांडली आणि दोन वर्षांनी ती स्टॉकफिशमध्ये आली. २०२४च्या १६.१ आवृत्तीपासून तर जुने हातलिखित मूल्यमापन काढूनच टाकले आहे. या रचनेची खुबी अशी की एक चाल झाली म्हणजे दोन-तीन मोहऱ्यांचीच जागा बदलते, म्हणून पहिल्या थरातील हजारो संख्यांची बेरीज पुन्हा पहिल्यापासून न करता फक्त जुने वजा आणि नवे अधिक केले तरी चालते. तरीसुद्धा प्रत्येक नोडमागे लहान पूर्णांकांच्या बेरजा-गुणाकारांची रास उरतेच, आणि ती किती लवकर उपसली जाते यावर आजच्या इंजिनाचा वेग मुख्यतः ठरतो.

इथे प्रोसेसरच्या रजिस्टरची रुंदी कामी येते. जुन्या एसएसई आज्ञा एका वेळी १२८ बिट हाताळतात, म्हणजे १६ बिटांच्या आठ संख्या. एव्हीएक्स२ २५६ बिट, म्हणजे सोळा संख्या. एव्हीएक्स-५१२ त्याच्याही दुप्पट. नऊ डब्यांच्या लोकलऐवजी पंधरा डब्यांची लोकल सोडली, तर वेळापत्रकातील फेऱ्या तेवढ्याच राहूनही जास्त माणसे पोहोचतात, तसाच हा प्रकार आहे: गिगाहर्ट्झ तेच राहतात, एका फेरीतले काम वाढते. सर्वांत साधी फाईल आणि एव्हीएक्स२ फाईल यांच्या वेगात त्याच यंत्रावर दुपटीच्या आसपास फरक पडू शकतो. त्यापुढे व्हीएनएनआय (चेताजालाच्या गुणाकारांसाठीच्या खास आज्ञा) किंवा एव्हीएक्स-५१२ यांमुळे होणारी वाढ काही टक्क्यांचीच असते. तिच्यासाठी नवे यंत्र घेण्याइतकी ती मोठी नाही.

पहिल्या पिढीच्या रायझनबद्दल आणखी एक नोंद करायला हवी. त्यात एव्हीएक्स२ आज्ञा आहेत, पण २५६ बिटांचे काम ते १२८-१२८ अशा दोन भागांत उरकतात. झेन २ पासून पूर्ण रुंदी मिळाली. म्हणून सेकंडहँड बाजारात रायझन १६०० आणि ३६०० शेजारी शेजारी ठेवलेले दिसले, तर दोघांचे कोअर सहा-सहा असले तरी बुद्धिबळासाठी दुसऱ्याला थोडे अधिक पैसे मोजणे रास्त आहे.

याउलट सावध राहण्याची जागा म्हणजे पेंटियम आणि सेलेरॉन ही नावे. हॅसवेलपासून कितीतरी वर्षे इंटेलने या स्वस्त प्रोसेसरांत एव्हीएक्स२ बंद ठेवले होते, त्यामुळे 'चौथ्या पिढीच्या पुढचा आहे' एवढ्या आश्वासनावर ते घेऊ नयेत. छोट्या लॅपटॉपमधील जेमिनी लेक आणि जॅस्पर लेक सेलेरॉनमध्येही ते नाही. २०२३ मध्ये आलेल्या एन१०० मध्ये मात्र आहे. सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम उघडला की पहिल्याच पानावर 'इन्स्ट्रक्शन्स' या ओळीत प्रोसेसरला येणाऱ्या सर्व आज्ञांची नावे दिसतात. तिथे एव्हीएक्स२ नसेल तर पुढे बोलणे थांबवावे.

फाईल निवडण्याची रीत आता सहज लक्षात येईल. स्टॉकफिशच्या संकेतस्थळावरील सर्वांत नव्या आज्ञांची फाईल आधी चालवून पाहावी. प्रोसेसरला त्या आज्ञा येत नसतील, तर खिडकी उघडताच किंवा बेंच सुरू होताच प्रोग्रॅम बंद पडतो. यंत्राला त्याने काहीही इजा होत नाही. मग एकेक पायरी खाली यावे: एव्हीएक्स-५१२, व्हीएनएनआय, बीएमआय२, एव्हीएक्स२ आणि शेवटी एसएसई४.१ पॉपकाउंट. जेवढ्या चालतील तेवढ्यांची बेंच घेऊन सर्वांत वेगवान फाईल ठेवावी. 'कंपायलर' ही आज्ञा दिली की चालू फाईल कोणत्या आज्ञा वापरून बांधलेली आहे, ते इंजिन स्वतःच सांगते. अॅपलच्या एम१ आणि पुढच्या चिपांसाठी वेगळी फाईल असते, आणि अँड्रॉइड फोनसाठी एआरएमच्या डॉटप्रॉड आज्ञांची फाईल जुन्या एआरएम फाईलपेक्षा चांगला वेग देते. माझ्या मते या एका बदलाइतका स्वस्त लाभ बुद्धिबळात दुसरा नसेल.

गिगाहर्ट्झविषयी थोडक्यात सांगायचे तर त्याची तुलना एकाच पिढीतल्या प्रोसेसरांतच करावी. इंजिनाच्या शोधात 'ही चाल सोडायची की पुढे पाहायची' असे फाटे सतत फुटतात. प्रोसेसर पुढचा फाटा आधीच अंदाजाने धरतो आणि अंदाज चुकला की केलेले काम टाकून देऊन पंधरा-वीस घड्याळी ठोके (गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला असे किती अब्ज ठोके) वाया घालवतो. २००४ च्या प्रेस्कॉट पेंटियम ४ मध्ये कामाच्या साखळीला ३१ टप्पे होते, त्यामुळे गिगाहर्ट्झ भरपूर असूनही बुद्धिबळात तो कमी ठोक्यांच्या अॅथलॉन ६४ पुढे फिका पडे. हा जुना वाद आता इतिहासजमा झाला असला तरी दुकानातले गिगाहर्ट्झचे कौतुक अजून गेलेले नाही.

हॅश आणि मेमरी

एकाच पटस्थितीला वेगवेगळ्या चालींच्या क्रमाने पोहोचता येते, म्हणून इंजिन तपासलेल्या पटस्थितींची नोंद हॅश नावाच्या तक्त्यात ठेवते. स्टॉकफिशमध्ये ३२ बाइटांच्या एका गटात तीन नोंदी मावतात. म्हणजे १ जीबी हॅशमध्ये सुमारे १० कोटी नोंदी. अडचण अशी की पुढची नोंद तक्त्यात कुठे असेल याला काहीच क्रम नसतो. प्रोसेसरच्या जवळच्या कॅशमधून माहिती चार-पाच ठोक्यांत मिळते, पण मुख्य रॅमपर्यंत जावे लागले तर तीनशेच्या पुढे ठोके जातात. इंजिन ही नोंद आधीच मागवून ठेवते, त्यामुळे प्रतीक्षा बरीच झाकली जाते, तरी ती पूर्णपणे टळत नाही.

रॅमची पाने हा यातला दुर्लक्षित भाग आहे. प्रणाली रॅमचे साधारणपणे ४ केबीचे तुकडे करते. ४ जीबी हॅशचे असे दहा लाखांहून अधिक तुकडे होतात आणि कोणता तुकडा कुठे आहे हे शोधण्यातच वेळ जातो. त्याऐवजी २ एमबीची मोठी पाने वापरली, तर तुकडे २०४८च उरतात. यामुळे वेग साधारण पाच ते दहा टक्के वाढतो आणि काही यंत्रांवर तीस टक्क्यांपर्यंत वाढ मोजली गेली आहे, असे स्टॉकफिशच्या माहितीपत्रकातच म्हटले आहे. लिनक्सवर ही सोय बहुधा आपोआप लागू होते. विंडोजमध्ये लोकल सिक्युरिटी पॉलिसीत जाऊन आपल्या खात्याला 'लॉक पेजेस इन मेमरी' हा अधिकार द्यावा लागतो, आणि होम आवृत्तीत ते साधन थेट मिळत नाही. अधिकार देऊनही उपयोग होत नसेल, तर यंत्र पुन्हा सुरू करून लगेच इंजिन चालवावे, कारण बराच वेळ वापरलेल्या यंत्रात रॅमचे सलग मोठे तुकडे शिल्लक राहत नाहीत.

हॅश किती ठेवावा? विश्लेषण चालू असताना इंजिन 'हॅशफुल' हा आकडा दाखवते. हॅशच्या दर हजार जागांपैकी किती भरल्या, ते तो सांगतो. काही मिनिटांतच तो हजाराला टेकत असेल, तर हॅश दुप्पट करावा. दोनशेच्या वर जातच नसेल, तर आणखी रॅम देऊन काही साधणार नाही. आठ कोअरच्या यंत्रावर एका पटस्थितीला काही मिनिटे देणाऱ्याला १ ते ४ जीबी पुरतात. रात्रभर एकाच ओपनिंगवर इंजिन सोडून झोपणाऱ्यांची गरज निराळी, त्यांनी १६ जीबीसुद्धा खुशाल द्यावेत, मात्र प्रणालीसाठी दोन-तीन जीबी मोकळे ठेवूनच. रॅम अपुरी पडून डिस्कवर अदलाबदल सुरू झाली की वेग जमीनदोस्त होतो.

रॅम विकत घेताना १६ जीबीची एकच पट्टी न घेता ८-८ च्या दोन घ्याव्यात, म्हणजे दोन्ही मार्गांनी माहितीची वाहतूक होते. एका थ्रेडवर हा फरक जाणवणारही नाही. सगळे थ्रेड चालू केले की जाणवतो, कारण आजच्या चेताजालाच्या पहिल्या थराची कोष्टके शंभर एमबींच्या पुढे गेली आहेत आणि ती कोणत्याही घरगुती प्रोसेसरच्या कॅशमध्ये पूर्ण मावत नाहीत. 'नंतर दुसरी पट्टी टाकता येईल' असे दुकानदार सांगतो. ती नंतर कधी टाकली जात नाही, हे त्यालाही ठाऊक असते.

कोअर, थ्रेड आणि उष्णता

कोअर दुप्पट केले की नोड्स जवळजवळ दुप्पट होतात, पण खेळाची ताकद त्या प्रमाणात वाढत नाही. अनेक थ्रेड एकाच झाडाचा शोध घेताना बरेच काम पुन्हा पुन्हा करतात. चार जलद कोअर आणि आठ संथ कोअर यांचे एकूण नोड्स सारखे येत असतील, तर चार जलद कोअर घ्यावेत.

एका कोअरवर दोन थ्रेड चालवण्याची सोय वापरली, तर नोड्स साधारण एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश वाढतात आणि ताकदीत किंचितच भर पडते. विश्लेषणासाठी ती चालू ठेवायला हरकत नाही, फक्त एक-दोन थ्रेड बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमसाठी मोकळे सोडावेत, नाहीतर पट हलवतानाही यंत्र अडखळते.

२०२१ मध्ये आलेल्या बाराव्या पिढीपासून इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांत मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे कोअर असतात. लॅपटॉपमधील आय५-१२३५यू मध्ये १० कोअर आहेत, पण त्यांतले मोठे दोनच; डेस्कटॉपच्या आय५-१२४०० मध्ये सहाच कोअर आहेत आणि सहाही मोठे. दहा विरुद्ध सहा असा हिशोब करणारा इथे साफ चुकतो: दीर्घ विश्लेषणात सहावाला सरस ठरतो, शिवाय त्याला खर्च करायला ६५ वॉट वीज आहे आणि लॅपटॉपवाल्याची मूळ मर्यादा १५ वॉट. कंपन्यांची कार्यालये बदलताना बाजारात येणारी दोन सॉकेटची, म्हणजे दोन प्रोसेसर बसवलेली, इंटेलची जुनी झिऑन यंत्रे स्वस्त दिसतात. त्यांत प्रत्येक सॉकेटची रॅम वेगळी असते आणि पलीकडची रॅम वाचायला अधिक वेळ लागतो. स्टॉकफिशच्या १७व्या आवृत्तीपासून इंजिन ही विभागणी स्वतः सांभाळते, तरी अशा यंत्राचे वीजबिल आणि पंख्यांचा आवाज दोन खोल्यांच्या घरात सोसवेल का, याचा विचार आधी करावा.

उष्णतेबद्दल मुंबईकराने जास्तच दक्ष राहायला हवे. बुद्धिबळाचे इंजिन सगळे कोअर सतत शंभर टक्के राबवते. ब्राउझर किंवा वर्ड असे कधीच करत नाहीत. पातळ लॅपटॉप पहिला अर्धा-एक मिनिट टर्बो वेगाने धावतो आणि मग तापमानाची किंवा विजेची मर्यादा गाठून मंदावतो. मे महिन्यात वातानुकूलन नसलेल्या खोलीत ३३-३४ अंशांवरची हवाच पंखा आत ओढत असतो, त्यामुळे जानेवारीत घेतलेला आकडा मे महिन्यात येईलच असे नाही. दमट हवेत धूळ पंख्याच्या पात्यांना आणि जाळीला चिकटून बसते, आणि दोन वर्षे न उघडलेला लॅपटॉप आतून बंद झालेला असतो. चाचणी अशी घ्यावी: सर्व थ्रेडवर बेंच घेऊन आकडा लिहावा, मग कोणत्याही पटस्थितीवर इंजिन वीस मिनिटे चालू ठेवावे आणि ते थांबवताच पुन्हा तीच बेंच घ्यावी. दुसरा आकडा पहिल्याच्या तीन-चतुर्थांशापेक्षा खाली गेला, तर आधी जाळी साफ करून घ्यावी, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलून घ्यावी आणि लॅपटॉप गादीवर न ठेवता मागची बाजू दोन बोटे उंच करून ठेवावा. सगळे थ्रेड लावण्याऐवजी निम्मे लावले, तर काही लॅपटॉपांवर प्रत्येक कोअर इतका जलद चालतो की एकूण तोटा अगदी थोडा होतो आणि यंत्रही शांत राहते. फोनवरही हेच घडते, फक्त अधिक लवकर.

डिस्क आणि ग्राफिक्स कार्ड

डिस्कचा संबंध फक्त शेवटाच्या कोष्टकांपुरता येतो; पटावर मोजकी मोहरी उरल्यावरच्या सर्व पटस्थितींचे निकाल त्यांत आधीच काढून ठेवलेले असतात. पाच मोहऱ्यांपर्यंतची सिझिजी कोष्टके सुमारे १ जीबीत मावतात आणि कोणत्याही डिस्कवर चालतात. सहा मोहऱ्यांची सुमारे १५० जीबी होतात. ती फिरत्या हार्ड डिस्कवर ठेवली, तर शेवट जवळ येताच इंजिन प्रत्येक वाचनासाठी खोळंबते आणि नोड्स कोसळतात, म्हणून ती एसएसडीवरच ठेवावीत. सात मोहऱ्यांची कोष्टके १६-१७ टीबींची असल्याने घरी ठेवण्याच्या भानगडीत पडू नये.

ग्राफिक्स कार्डाचा स्टॉकफिशला काडीचा उपयोग नाही. लीला चेस झीरो हे इंजिन वापरणार असाल तरच त्याचा विचार करावा, कारण त्याचे मोठे चेताजाल ग्राफिक्स कार्डावरच नीट चालते. केवळ स्टॉकफिशसाठी यंत्र बांधत असाल, तर ते पैसे प्रोसेसर, थंडाव्याचा चांगला पंखा आणि दुसरी रॅमपट्टी यांत घालावेत.

किती वेग पुरेसा आणि दुकानात काय करावे

आजच्या इंजिनात प्रत्येक डेप्थमागे काम दुपटीहूनही थोडे कमीच वाढते. म्हणून वेग दुप्पट झाला की त्याच वेळात साधारण एक डेप्थ अधिक मिळते. शालेय स्पर्धा खेळणाऱ्या मुलाने आपल्या डावातल्या चुका शोधायच्या असतील, तर योग्य फाईल चालवणारे पाच-सहा वर्षांपूर्वीचे यंत्र किंवा साधा फोनही पुरेपूर आहे. त्याच्यासाठी नवा लॅपटॉप घेणे हा माझ्या मते अपव्यय आहे, त्या रकमेत स्पर्धांची कितीतरी प्रवेशशुल्के भरता येतील. पत्राने खेळले जाणारे बुद्धिबळ, ओपनिंगची खोल तयारी किंवा एका दिवसात अनेक विद्यार्थ्यांचे डाव तपासणारा प्रशिक्षक यांच्या बाबतीत मात्र दुप्पट वेग म्हणजे अर्धा वेळ वाचणे, आणि तिथे खर्चाला अर्थ आहे.

लॅमिंग्टन रोडसाठी ग्रँट रोड स्टेशनवर उतरण्यापूर्वी पेन ड्राइव्हवर स्टॉकफिशच्या एकाच आवृत्तीच्या तीन-चार फाईली आणि सीपीयू-झेड घेऊन ठेवावे. घरच्या यंत्रावरचे आकडे आवृत्ती, फाईलचे नाव, थ्रेड आणि हॅश यांसह कागदावर लिहून न्यावेत. जुळवलेल्या डेस्कटॉपची दुकाने चाचणीला सहसा हरकत घेत नाहीत. सीलबंद लॅपटॉपच्या बाबतीत प्रदर्शनात मांडलेल्या त्याच मॉडेलवर ती घ्यावी. प्रोसेसरच्या नावातली यू, एच, एफ अशी शेवटची अक्षरेसुद्धा बिलावर लिहून घ्यावीत, कारण आय५ किंवा रायझन ५ एवढ्यावर काहीच कळत नाही. सेकंडहँड यंत्र असेल तर फाईल पेन ड्राइव्हवरून डिस्कवर उतरवून घ्यावी, सर्व थ्रेडवर किमान पंधरा मिनिटे इंजिन चालू ठेवावे आणि त्या वेळात सीपीयू-झेडमध्ये कोअरचा वेग कुठवर उतरतो ते पाहत राहावे. एका थ्रेडच्या बेंचमध्ये एकूण नोड्स घरच्या कागदावरच्या आकड्याशी जुळले नाहीत, तर आधी आवृत्ती तपासावी. आवृत्ती तीच असूनही आकडा दर वेळी बदलत असेल, तर रॅम किंवा प्रोसेसर सदोष आहे आणि ते यंत्र कितीही स्वस्त असले तरी तिथेच सोडून द्यावे.